तळमजल्यावरच्या उपाहारगृहाला परमिट रूमचा परवाना हवा आहे. रात्रीच्या आवाजाबाबतची हरकत कशी मांडावी?

सोसायटी_सचिव_बाणेर

सर्वांना नमस्कार. पुण्यात बाणेर भागातील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीत तळमजल्यावर दुकानांचे गाळे आहेत आणि वरच्या मजल्यांवर कुटुंबे राहतात. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी दोन शेजारचे गाळे भाड्याने घेऊन, मधली भिंत काढून, तिथे उपाहारगृह सुरू केले. जेवण चांगले आहे, मालकांचे वागणे सौजन्याचे आहे आणि रात्री अकराच्या सुमारास सगळे शांत होत असल्याने आजवरच्या कुरबुरी जिन्यातल्या जिन्यातच मिटत आल्या. आता त्यांना एफएल-३ परवाना, म्हणजे परमिट रूम, हवी आहे आणि त्यासाठी त्यांनी संस्थेकडे ना हरकत दाखला मागितला आहे. शनिवार-रविवारी गायक बोलावण्याचाही त्यांचा विचार असल्याचे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले.

काही सभासदांचा दारूलाच विरोध आहे आणि तो त्यांच्या जागी योग्य आहे. पण बहुतेकांची काळजी आवाजाची आहे. पहिल्या मजल्यावरच्या चार घरांच्या झोपण्याच्या खोल्या उपाहारगृहाच्या बरोबर वर येतात. त्यांतल्या एका घरात अंथरुणाला खिळलेल्या आजी आहेत आणि दुसऱ्या घरातली मुलगी बारावीला आहे. एक्झॉस्टचा पंखा साइड मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीच्या बाजूच्या मोकळ्या जागेत, बसवलेला असून त्याची घरघर आजही ऐकू येते. भर म्हणून, हॉटेले आता चोवीस तास उघडी ठेवता येतात असा एक संदेश सभासदांच्या गटात फिरू लागल्याने लोक अधिकच धास्तावले आहेत.

विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्यापूर्वी मला हे समजून घ्यायचे आहे की संस्थेच्या ना हरकतीला कायद्यात नेमके वजन किती, आवाजाच्या कारणावरून परवाना नाकारला जाऊ शकतो का, आणि दाखला द्यायचाच ठरला तर पुढे पाळल्या जातील अशा अटी कशा घालाव्यात. ज्यांनी हे प्रत्यक्ष हाताळले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त_अव्वल_कारकून

सचिव महोदय, माझ्या नोकरीचा मोठा भाग जिल्हाधिकारी कार्यालयात परवान्यांच्या टेबलावर गेला आहे, म्हणून प्रकरण कसे पुढे सरकते ते आधी सांगतो. अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षकांकडे जातो. विभागाचे निरीक्षक जागेची पाहणी करून पंचनामा करतात, पोलिसांकडून अर्जदाराविषयी आणि कायदा-सुव्यवस्थेविषयी अहवाल मागवला जातो, आणि हे सर्व कागद जोडलेला प्रस्ताव निर्णयासाठी वर जातो. म्हणजे आपली हरकत पंचनामा होण्याआधी अधीक्षक कार्यालयात आणि स्थानिक पोलीस ठाण्यात, दोन्हीकडे, आवक क्रमांकासह दाखल झालेली असली पाहिजे. तोंडी सांगितलेले किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवलेले काहीही त्या प्रस्तावाला जोडले जात नाही, आणि जे जोडलेले नाही त्यावर निर्णय घेणारा अधिकारी विचार करू शकत नाही.

दुसरी गोष्ट सभासदांना आवर्जून सांगा. आपल्या राज्याचा मूळ कायदा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ हा आहे. नियम बंदीचा आहे आणि परवाना हा त्याला शासनाने केलेला अपवाद आहे. मद्याचा व्यापार करण्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीज प्रकरणात स्पष्ट केलेले आहे. त्यामुळे किराणा दुकानाला हरकत घेणे आणि परमिट रूमला हरकत घेणे यांत कायद्याच्या दृष्टीने फार अंतर आहे. येथे लोकांच्या म्हणण्याला जागा आहे.

ती जागा वापरताना मात्र “आमचा तीव्र विरोध आहे” अशा एका ओळीखाली पन्नास सह्या घेऊन जाऊ नका. असे अर्ज मी ढिगाने पाहिले आहेत आणि त्यांवर अधिकाऱ्याला शेरा मारण्याजोगे काही सापडत नाही. मंजूर नकाशाची प्रत महापालिकेतून मिळवा. त्या गाळ्यांचा मंजूर वापर काय आहे, दोन गाळे एक करण्यासाठी भिंत काढली तिला परवानगी होती का, साइड मार्जिनमध्ये पंखा आणि समोरच्या मोकळ्या जागेत टेबल-खुर्च्या कोणत्या आधारावर आहेत, हे प्रश्न तपासता येण्यासारखे आहेत आणि म्हणून त्यांना उत्तर द्यावे लागते. शैक्षणिक संस्था आणि धार्मिक स्थळ यांपासून ७५ मीटरच्या अंतराची अट आहे. जवळ शाळा किंवा मंदिर असेल तर अंतर कोठून कोठपर्यंत आणि कोणत्या मार्गाने मोजले ते पंचनाम्यात लिहिले जाईल असे पाहा, कारण बहुतेक वाद तिथेच होतात. यानंतर आवाजाचा मुद्दा लिहा आणि तोही घरनिहाय लिहा : कोणत्या सदनिकेची कोणती खोली कोठे येते, तिथे कोण झोपते, आज कोणत्या वेळी कोणता आवाज येतो.

ना हरकतीच्या वजनाबद्दल सावधपणे सांगतो. मार्च २०२५ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केले की गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील व्यापारी गाळ्यात बिअर शॉपी किंवा दारूचे दुकान सुरू करायचे असेल तर संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र बंधनकारक राहील. ती घोषणा बाटली विकत घेऊन जाण्याच्या दुकानांविषयी होती. परमिट रूममध्ये बसून पिणे असते, आणि तिला ही अट आपोआप लागू आहे असे धरून चालू नका. अधीक्षक कार्यालयाकडून आजची नियमस्थिती लेखी मागवा. अट लागू असो वा नसो, संस्थेचा सर्वसाधारण सभेतील ठराव हा एखाद्या सभासदाच्या तक्रारीपेक्षा कितीतरी भारी कागद असतो.

चोवीस तासांच्या संदेशाबद्दल निश्चिंत राहा. ऑक्टोबर २०२५ च्या शासन निर्णयाने आस्थापनांना चोवीस तासांची मुभा स्पष्ट केली, पण मद्य देणाऱ्या जागा त्यातून स्पष्टपणे वगळल्या आहेत. खरे तर परवाना घेतल्यावर हे उपाहारगृह त्या सवलतीतून बाहेर पडते.

ध्वनी_अभियंता

वरचे उत्तर परवान्यापुरते पुरेसे आहे. मी आवाजाबद्दल लिहितो, कारण या वादात दोन्ही बाजू डेसिबलचे आकडे फेकतात आणि ते कुठे, केव्हा आणि कशाचे मोजले याचा कोणालाच पत्ता नसतो.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही सभोवतालच्या आवाजाची मर्यादा आहे. व्यापारी क्षेत्रात ती अनुक्रमे ६५ आणि ५५ आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. आपली इमारत रस्त्यालगत असून खाली गाळे असल्याने उद्या मालक “हे व्यापारी क्षेत्र आहे” असे म्हणतील, आणि त्या एका शब्दाने रात्रीची मर्यादा १० डेसिबलने वाढते. म्हणून आपला भाग कोणत्या वर्गात मोडतो याचे उत्तर सक्षम प्राधिकाऱ्याकडून आताच घ्या.

खासगी जागेतील ध्वनियंत्रणेसाठी वेगळी तरतूद आहे : त्या जागेच्या हद्दीवर आवाज त्या क्षेत्राच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये. निवासी क्षेत्रात रात्रीसाठी याचा अर्थ ५० डेसिबल. येथे हद्द म्हणजे काय, हा आपल्या प्रकरणातला कळीचा प्रश्न आहे. उपाहारगृहाच्या काचेच्या दरवाज्यापाशी मोजले तर एक आकडा येतो, पण त्या जागेची एक हद्द तिच्या डोक्यावर आहे, ती म्हणजे पहिल्या मजल्याची लादी. रस्त्याच्या बाजूला मोजून “सर्व ठीक आहे” असा अहवाल कोणी दिला, तर आजींच्या खोलीत काय ऐकू येते याबद्दल तो काहीच सांगत नाही.

रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, पण बंदिस्त जागांसाठी त्यात अपवाद आहे, आणि वातानुकूलित उपाहारगृह त्याच अपवादाचा आधार घेते. त्यामुळे “दहानंतर संगीत बेकायदेशीर” हा सभासदांचा युक्तिवाद एकटा टिकणार नाही. समोरच्या उघड्या जागेतला स्पीकर मात्र त्या अपवादात बसत नाही.

आता भिंतीतून येणाऱ्या आवाजाविषयी. बोलण्याचा, गाण्याच्या शब्दांचा आवाज विटांची भिंत आणि काँक्रीटची लादी बऱ्यापैकी अडवते. ढोलकी, बास गिटार आणि यंत्रातून येणारा ठेका ती अडवत नाही, कारण त्या खालच्या पट्टीच्या लहरींनी लादी आणि खांब स्वतःच कंप पावतात आणि तोच कंप वरच्या खोलीत उतरतो. कायद्यातील मोजमाप माणसाच्या कानाच्या संवेदनेनुसार भारित केलेले असते आणि त्यात खालच्या पट्टीला कमी वजन मिळते. शिवाय ते ठराविक कालावधीची सरासरी दाखवते. म्हणून पलंगाला ठेका जाणवत असतानाही मापकावर आकडा मर्यादेत दिसू शकतो, आणि तक्रार करणारा माणूस खोटा ठरतो. हे मी अनेकदा पाहिले आहे आणि त्या माणसांबद्दल मला मनापासून वाईट वाटते.

उपाय या समजुतीतूनच निघतात. स्पीकर भिंतीला किंवा छताला टांगू नयेत, रबरी आधारावर जमिनीवर ठेवावेत; बासचा वेगळा डबा बसवूच नये; ध्वनियंत्रणेला लिमिटर, म्हणजे ठरावीक पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारे उपकरण, लावून तो पहिल्या मजल्यावरच्या खोल्या बंद असताना, संस्थेच्या प्रतिनिधीसमोर, एकदा ठरवून सीलबंद करावा. छताखाली लादीला थेट न चिकटणारे, मध्ये पोकळी आणि खनिज लोकर असलेले दुसरे छत लागेल. प्रवेशाला एकापाठोपाठ दोन दरवाजे असले की ग्राहक आत-बाहेर करताना आवाजाचा लोट रस्त्यावर येत नाही. आणि एक्झॉस्टचा पंखा आजच कंपरोधक पायांवर बसवून घ्या. त्याला परमिट रूमशी काही देणेघेणे नाही, मालकांची तयारी किती आहे हे मात्र त्यावरून दिसेल.

उपाहारगृह_चालक_ठाणे

मी या व्यवसायात आहे आणि माझ्याकडे परमिट रूम आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. कोणताही चालक केवळ हौसेने या परवान्याच्या मागे लागत नाही. शहरातील गाळ्याचे भाडे नुसत्या थाळीवर आणि बिर्याणीवर निघणे कठीण झाले आहे, आणि परमिट रूममधला खर्चही काही कमी नाही. २०२५ साली मद्यावरचे उत्पादन शुल्क, परवाना शुल्क आणि मूल्यवर्धित कर यांत झालेल्या वाढीविरुद्ध आम्ही १४ जुलैला राज्यभर एक दिवस बंद पाळला होता. शुल्क वर्षाचे भरायचे असते, मग ग्राहक येवो न येवो. त्यामुळे शुल्क वसूल करण्यासाठी चालक वेळ वाढवतो, गायक आणतो, आवाज चढवतो. आपल्या सभासदांनी हे गणित समजून घेतले तर नेमक्या कोणत्या जागी अट घालायची ते त्यांना कळेल.

पुण्यात परमिट रूमला रात्री दीडपर्यंत मुभा असते. मुभा आहे म्हणून तेवढा वेळ उघडे ठेवलेच पाहिजे असे कोठेही लिहिलेले नाही. मी स्वतः शेजाऱ्यांशी बसून शेवटची ऑर्डर साडेदहाला आणि दरवाजा साडेअकराला, असे ठरवले आणि जेवायला येणारी कुटुंबे त्यामुळे टिकली. मालकांना हे समजावून सांगा. कुटुंबे येणारी जागा आणि रात्री उशिरापर्यंत पिणाऱ्यांची जागा, या दोन्ही एकाच छताखाली फार काळ नांदत नाहीत.

आणखी एक सुचवतो. फक्त बिअर आणि वाइन देण्यासाठी ‘ई’ नमुन्याचा वेगळा परवाना असतो. आपल्या मालकांचा ग्राहक जेवणाबरोबर एखादा पेला घेणारा असेल तर त्यांना तेवढा पुरेल का, हे विचारून पाहा. गाणाऱ्यांसाठी मात्र पोलिसांची स्वतंत्र परवानगी लागते. परमिट रूमचा परवाना मिळाला म्हणजे गायक बसवता येतो असे नाही. आपला खरा प्रश्न संगीताचा असेल तर विरोध तिथे केंद्रित करा, म्हणजे मालकाच्या पोटावर पाय न देता आपले काम होईल.

रहिवासी_अंधेरी

वरील चालकांचे म्हणणे मला पटते, पण त्यात एक मोठी गोष्ट राहिली. आमच्या इमारतीखाली परमिट रूम सुरू झाली तेव्हा आम्ही सर्वांनी संगीताचीच धास्ती घेतली होती. संगीताचा त्रास आम्हाला जवळजवळ झालाच नाही. त्रास झाला तो बाहेर पडणाऱ्या माणसांचा. रात्री बारा-साडेबाराला जेवून निघालेले पाच-सहा जण फाटकापाशी उभे राहून अर्धा-पाऊण तास निरोप घेतात, मोबाइलवर मोठ्याने बोलतात, रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाद घालतात, दुचाकी सुरू करून तिथेच गप्पा मारतात. त्यानंतर कर्मचारी रिकाम्या बाटल्या क्रेटमध्ये टाकतात आणि काचेचा तो खणखणाट सर्वांत शेवटी, गाढ झोपेच्या वेळी येतो. यातले काहीही उपाहारगृहाच्या आत घडत नाही, म्हणून आतल्या कोणत्याही अटीत ते येत नाही, आणि मालक अगदी खरेपणाने म्हणतो की रस्त्यावरच्या माणसाला मी काय करू.

म्हणून आपल्या अटींत हे नक्की घ्या : साडेदहानंतर फाटकाबाहेर एक माणूस उभा राहून ग्राहकांना शांतपणे मार्गी लावेल, धूम्रपानासाठी कोणी खिडक्यांखाली उभे राहणार नाही, बाटल्या सकाळी नऊनंतरच बाहेर निघतील, आणि वाहने संस्थेच्या आवारात लागणार नाहीत. संस्थेतील दोघांकडे व्यवस्थापकाचा थेट क्रमांक असावा. आमच्याकडे या गोष्टी दोन वर्षांच्या भांडणानंतर लेखी आल्या. आधी आल्या असत्या तर माझ्या सासूबाईंची शेवटची वर्षे जरा शांत गेली असती.

तक्रार करायची वेळ आलीच तर ११२ वर फोन करा आणि प्रत्येक वेळी नोंद क्रमांक लिहून ठेवा. नाव उघड होईल आणि शेजारी वैर धरतील या भीतीने लोक फोन करत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपकांसंबंधीच्या प्रकरणात पोलिसांना सांगितले की तक्रारदाराची ओळख पटवण्याचा आग्रह धरू नये आणि ती उघड करू नये. ते प्रकरण प्रार्थनास्थळांचे होते, पण आपण त्याचा दाखला देऊ शकता.

बाणेरकर_ज्येष्ठ

इतक्या अटी घालण्यापेक्षा सरळ मतदान घेऊन बाटली आडवी का करू नये? राज्यात महिलांनी ते करून दाखवले आहे.

निवृत्त_अव्वल_कारकून

काका, आडव्या बाटलीचे मतदान हा फार मोलाचा अधिकार आहे आणि ज्या बायकांनी तो गावोगाव वापरला त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ते मतदान चालू असलेली दुकाने बंद करण्यासाठी असते, त्याला संपूर्ण गावातील किंवा प्रभागातील एक चतुर्थांश मतदारांची किंवा महिला मतदारांची लेखी मागणी लागते, आणि ते एका इमारतीपुरते होत नाही. येथे परवाना अजून दिलेलाच नाही. आज एका ठरावाने जे साधेल त्यासाठी उद्या सगळा प्रभाग उभा करावा लागेल.

परवाना मिळाल्यानंतरही दारे बंद होत नाहीत, हेही सांगून ठेवतो. अटींचा भंग झाला तर अधिनियमाच्या कलम ५४ खाली परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो, आणि सार्वजनिक शांततेच्या कारणाने जागा बंद ठेवण्याचा अधिकार कलम १४२ ने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. परवान्याचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि नूतनीकरण करावे लागते; वर्षभराच्या नोंदी त्याआधी अधीक्षकांकडे पोहोचवा. ऐन मार्चअखेरीस कोणी वाचणार नाही, जानेवारीत द्या.

सोसायटी_सचिव_बाणेर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कार्यकारी समितीत चर्चा करून आम्ही असे ठरवले आहे की विशेष सर्वसाधारण सभेपुढे दोन स्वतंत्र ठराव ठेवावेत. पहिला परवान्याबाबत, ज्यात दारूलाच विरोध असलेल्या सभासदांना आपले मत नोंदवता येईल. दुसरा अटींबाबत, जो पहिल्याचा निकाल काहीही लागला तरी अधीक्षक कार्यालयाला आणि पोलीस ठाण्याला पाठवला जाईल. अभियंता महोदयांनी सुचवल्याप्रमाणे पहिल्या मजल्यावरच्या चारही खोल्यांत आजचे मोजमाप करून घेणार आहोत, म्हणजे पुढे तुलनेला आधार राहील. मालकांशी बोललो, पंखा बदलण्यास ते लगेच तयार झाले, दरवाजा साडेअकराला बंद करण्यास तयार आहेत, आणि गायकांबाबत अजून अडून आहेत.

एक शंका उरते. गाळ्यांचे मूळ मालक परगावी असतात आणि उपाहारगृह चालवणारे हे गृहस्थ भाडेकरू आहेत. अटींचा करार कोणाशी करावा?

निवृत्त_अव्वल_कारकून

दोघांशीही करा. फक्त भाडेकरूशी केलेला करार तो गाळा सोडून गेला की संपतो आणि नव्या माणसाला त्यातले काहीच बांधील राहत नाही. मूळ गाळेधारक संस्थेचे सभासद असतील, तेव्हा त्यांना त्रिपक्षीय नोंदणीकृत करारात घ्या, आणि हा गाळा पुढे कोणालाही दिला तरी याच अटी त्या भाडेकरारात घालाव्या लागतील असे कलम टाका. परवान्यात भागीदार बदलायचा किंवा तो दुसऱ्याच्या नावावर करायचा तर विभागाची मंजुरी लागते; तेव्हा संस्थेला कळवले जावे अशी विनंती आजच्याच हरकतीत लिहून ठेवा. गायकांचा मुद्दा सुटल्याशिवाय ना हरकत दाखल्यावर सही करू नका, आणि त्यांनी वेगळ्या वाटेने अर्ज केलाच तर स्थळपाहणीच्या पंचनाम्याची प्रत माहितीच्या अधिकारात मागा. ३० दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे.